बगळा, क्रमांक नऊ

परग्रहांवरच्या इंग्रजी कादंबऱ्या नागपुरात ज्या माणसाने सगळ्यांत जास्त लोकांच्या गळ्यात मारल्या, त्याला इंग्रजी धड येत नव्हतं. ते सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. सदर भागातल्या एका टॉकीजच्या मागे पत्र्याची शेड होती. तिथे शिडीवर उभं राहून एका दुपारीत वीस फुटी नायक आणि पंधरा फुटी खलनायक ते उभे करत. सगळे त्यांना पेंटर म्हणत. खरं नाव मला कळलं तोवर पेंटर म्हणायची सवय पक्की झाली होती, तेव्हा इथेही ते पेंटरच राहतील.

मी तेव्हा मुलींच्या एका शाळेत नुकतीच इंग्रजी शिकवायला लागले होते. नव्या मास्तरणीला असतो तेवढा सगळा तोरा माझ्यात होता. शाळा सुटली की सदरला वामनरावांच्या दुकानात जायचे. दुकान खरं म्हणजे गाइडांचं, वह्यांचं आणि नकाशांचं. पण वामनरावांना हौस होती, म्हणून मागच्या बाजूला तारेचं एक फिरतं स्टँड ठेवून त्यात त्यांनी इंग्रजी कादंबऱ्या लावल्या होत्या. त्याच्या एका अंगाला स्वेटरच्या विणकामाची पुस्तकं होती आणि दुसऱ्या अंगाला रेल्वेचं टाइमटेबल. पहिल्यांदा गेले तेव्हा स्टँडसमोरच्या बाकावर टर्पेंटाइनच्या वासाचा, कानावर ब्रश खोचलेला एक गृहस्थ मांडीवर पुस्तक उघडं टाकून बसला होता. मला पाहून म्हणाला, "तुम्ही मास्तरीण आहा ना?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"बोटाले खडू आहे. बरं झालं तुम्ही आल्या. एअरलॉक म्हंजे काय?"

मी सांगितलं की दोन दारांची खोली असते, एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडत नाही.

"हात्तिच्या, देवडी म्हना ना," असं म्हणून त्यांनी सिनेमाच्या एका हँडबिलाच्या पाठीवर 'एअरलॉक = देवडी' असं लिहून घेतलं. माझी त्या दुकानात नेमणूक झाली ती तिथून. दर रविवारी सकाळी हँडबिलाच्या पाठीवर वीस-बावीस शब्द तयार असत.

ते पुस्तक होतं बगळ्याचं. म्हणजे परदेशात टेलिव्हिजनवर एक मालिका चालायची, तिच्यात 'हेरॉन' नावाचं अंतराळयान होतं, आणि मालिकेतल्या गोष्टी नंतर स्वस्त कादंबऱ्यांच्या रूपात निघत होत्या. हेरॉनचा पेंटरांनी बगळा केला आणि तो आम्हा सगळ्यांचा झाला. पृथ्वीपासून भरकटलेला बगळा घरचा रस्ता शोधत हिंडतो, एवढीच गोष्ट. पुस्तकं एकूण नऊ. प्रत्येकाच्या शेवटी नऊही नावांची यादी असायची, आणि नवव्यात बगळा घरी पोचतो की नाही याच्यावर आम्ही जितकं भांडलो तितकं मी लग्नाच्या यादीवरूनही नंतर भांडले नाही.

मालिका आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. नागपुरात टीव्हीच आला नव्हता, तर पाहणार कुठून? वामनरावांना हे सगळं प्रकरण हलकं वाटायचं. ते म्हणत, "आधी मालिका काढतेत, मंग तिचं पुस्तक काढतेत. हे तं उष्टं झालं."

"वामनराव," पेंटर शांतपणे म्हणत, "सैपाक तुम्ही पाह्यला नाई, पंगत पाह्यली नाई. आपल्या ताटात तं हेच पयलं पडलं. मंग उष्टं काहून म्हनता गा?"

यावर वामनराव वह्यांचे गठ्ठे नीट करायला लागत. मी एम. ए. झालेली, तीही रेल्वेचं टाइमटेबल चाळायला लागे.

आमच्यातल्या चौथ्या म्हणजे कुसुमताई, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. इंजेक्शन देतात तशा झटक्यात पुस्तक संपवायच्या आणि लगेच गोष्ट सांगायला लागायच्या. पेंटरांचं त्यांच्याशी वाकडं होतं ते यावरूनच. पेंटर दिवसाला एक पान वाचत, आणि क्रम मोडणं त्यांना मंजूर नव्हतं. मुंबईहून पुस्तकं तर कुणी डोळे मिटून पोत्यात भरावीत तशी यायची. पहिलं आलं, दुसरं आलं, मग एकदम चौथं. पेंटरांनी चौथं विकत घेतलं, घरी नेलं आणि फळीवर भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तिसरं यायला अकरा महिने लागले. अकरा महिने ते पुस्तक त्यांच्या सक्करदऱ्याच्या खोलीत शिक्षा झालेल्या मुलीसारखं उभं होतं. दुकानात कुसुमताईंनी "चौथ्यात ना..." एवढं म्हटलं की पेंटर रंगाचा रिकामा डबा उलटा करून बडवायला घ्यायचे. गाइडं घ्यायला आलेले पालक दचकून बाहेर जायचे. वामनराव कपाळाला हात लावायचे.

पण चौथ्या पुस्तकाने त्यांना गाठलंच. पेंटर रोज चार वाजता समोरच्या गाडीवरचे फुटाणे खात, आणि पुडीचा कागद वाचल्याशिवाय टाकत नसत. एका मंगळवारी ते तेलकट कागद हातात धरून दुकानात शिरले. मी नेमकी तिथे होते.

"वामनराव, हे काय आहे?"

"फुटाणे."

"हे चौथ्या पुस्तकाचं पान आहे. मी तिसरं अजून वाचलं नाई, आन इथं म्हातारा इंजिनिअर मरून राह्यला."

 तो म्हातारा इंजिनिअर त्यांचा लाडका. त्या आठवड्यात त्यांनी रंगवलेल्या बोर्डावरच्या नायिकेच्या डोळ्यांत पाणी होतं. पिक्चर विनोदी होता. मॅनेजरने फार कटकट केली, तरी त्यांनी ते पुसलं नाही.

मग वामनरावांनी आम्हाला त्या धंद्यातला एक नियम सांगितला. तो ऐकून मी आजही नवं पुस्तक हातात घेतलं की आधी त्याचं कव्हर चाचपून पाहते. तीन महिन्यांत न खपलेलं स्वस्त पुस्तक पुरवणारी कंपनी परत घ्यायची, पण अख्खं नाही. ने-आण परवडत नाही म्हणून दुकानदाराने फक्त कव्हर फाडायचं आणि ते तेवढं मुंबईला पाठवायचं. कव्हर पोचलं की पुस्तक नष्ट झालं असं कंपनी धरून चालायची. उरलेला ऐवज दुकानदाराने खरंच नष्ट करायचा. वामनराव लाकडी पट्टी लावून एका ओढीत कव्हर काढायचे, आणि आतलं पुस्तक फुटाणेवाल्याला देऊन टाकायचे.

पेंटरांनी तो तेलकट कागद घडी करून खिशात घातला. नंतर म्हणाले, "आता फाडलं का मले देत जा. विकणार नाई. वाटणार."

"नियमात बसत नाही, पेंटर."

"फुटाण्यात बसते?"

वामनरावांनी पट्टी गल्ल्याखाली सरकवली. त्यांचं मन मोठं होतं. वरून कुरकुर करायचे, पण त्यांना नाही म्हणता यायचं नाही.

कव्हर नसलेल्या पहिल्या सहा प्रती पेंटरांनी उचलल्या तेव्हा त्यांच्या तीक्ष्ण नजरेला आतल्या पानावरचा बारीक मजकूर दिसला. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मी वाचून अर्थ सांगितला, "कव्हर नसलेलं हे पुस्तक विकत घेऊ नका. ते नष्ट झालं असं कंपनीला कळवलेलं आहे."

"कव्हर नसलं तं घ्याचं नाई," त्यांनी बोट दुमडून हिशेब केला. "आन असलं तं?"

मला हसू आलं. तिथे मास्तरणीसारखं बसवून समजावायला हवं होतं की बाबा, हे एकदा मेलेलं पुस्तक आहे, त्याला दुसरं कव्हर घातलं तरी ते कंपनीच्या दप्तरी मेलेलंच. पण त्यांचं ते सरळसोट तर्कशास्त्र मला इतकं आवडलं की मी म्हणाले, "असलं तर प्रश्नच नाही."

ही माझी चूक. पुढे जे झालं त्याची सुरुवात मी केली, हे मी आधीच सांगून ठेवते.

पेंटर कव्हरं रंगवायला लागले. बैलगाडीच्या चाकाएवढा डोळा काढणाऱ्या हाताला वीतभर कागदावर आख्खं आकाश बसवणं सोपं नव्हतं. पहिल्या कव्हरावर बगळ्याची नुसती चोच मावली. दोन-तीन महिने कागद फाडून शेवटी त्यांना जमलं. आणि एकदा जमल्यावर मग काय विचारता! कंपनीच्या कव्हरावर चकचकीत कपड्यातल्या कुणा नटीचा फोटो असायचा. ती बाई पुस्तकात औषधालाही नव्हती. पुस्तकातली कप्तान साठीची, पायाने अधू, तोंडाने फटकळ. पेंटरांनी तिला आपल्या सासूचा चेहरा दिला. पुस्तकात बगळ्याला तीन पंख म्हटलेत तर तीनच काढले. खाली जाड मराठी अक्षरात बोर्डाच्या थाटात एक ओळ, 'म्हातारी चुकत नाही' असली काहीतरी.

मी एकदा त्यांना डिवचलं. "पेंटर, पिक्चरच्या बोर्डावर तुम्ही नसलेले वाघ काढता, नसलेली विमानं काढता. पुस्तकाच्या बाबतीत एवढे हरिश्चंद्र कसे?"

ते ब्रश पुसत म्हणाले, "पिक्चरमधला मानूस तीन घंट्यात बाहेर येते. पुस्तकातला आठ दिवस घरी येऊन राहते. घरी येणाऱ्याशी खोटं बोलू नाई."

तयार पुस्तकं त्यांनी शिंप्याला दिली, कंपाउंडरला दिली, टॉकीजच्या ऑपरेटरला दिली. ज्याला इंग्रजी येत नसे त्याला आपली हँडबिलं जोडून दिली, पाठीमागच्या शब्दार्थांसकट. दुकानाबाहेर त्यांनी एक फळा लावला. त्यावर टॉकीजसारखं लिहिलेलं असायचं, 'बगळा क्र. ५, शेवटचा आठवडा'. ही थाप नव्हती. तीन महिने भरत आले की तो खरंच त्याचा शेवटचा आठवडा असायचा, आणि पुढच्या सोमवारी पट्टी लागायची. लोक घाईने यायचे. एकदा खाप्याहून हातमागावर काम करणारे एक गृहस्थ सहावं पुस्तक मागायला बसने आले. त्यांना बाजारात कुणीतरी रंगवलेलं पाचवं दिलं होतं. वामनरावांनी त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी ते तारेचं स्टँड ओढून दुकानाच्या पुढच्या भागात आणलं, गाइडांच्या शेजारी. त्यानंतर त्यांनी 'उष्टं' हा शब्द वापरला नाही. एकदा गल्ल्यावर भूगोलाचं गाइड उभं धरून ते फार तल्लीन झाले होते. मी वाकून पाहिलं तर आत बगळा होता.

सातव्या-आठव्या पुस्तकापर्यंत पट्टी लागायची वेळच येईनाशी झाली. मुंबईला पूर्वी चार प्रती मागणारे वामनराव आता दोन डझन मागत होते. आणि म्हणूनच कंपनीचा माणूस नागपूर बघायला आला.

आला तोही मे महिन्यात. सभ्य माणूस होता, उगाच का खोटं बोलू. बुशशर्ट घामाने पाठीला चिकटलेला, पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताटीजवळ खुर्ची सरकवून तो सरबताचे तीन पेले प्यायला आणि म्हणाला, "एवढ्याशा दुकानात एवढा खप, तुम्ही करता काय?"

वामनराव काही बोलायच्या आत पेंटर उठले. ते त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले होते. पिशवीतून त्यांनी रंगवलेली पाच पुस्तकं काढली आणि पाहुण्याच्या मांडीवर मांडली.

"हे करतो," ते म्हणाले. "तुमचं कव्हर चुकते. हे पाहा, पंख मोजा."

त्या माणसाने पंख मोजले. खरंच मोजले. कौतुकाने मान हलवली. मग पुस्तक उघडलं, कणा पाहिला, आणि त्याची मान हलायची थांबली.

"हे आतलं पुस्तक कुठून आलं?"

"तुमचंच आहे. तुम्ही मारलं होतं, आम्ही उठवलं."

त्याने आतल्या पानावरच्या बारीक मजकुरावर बोट ठेवलं. पेंटरांचा चेहरा फुलला. ते म्हणाले, "हाव, थे वाचलं आहे. मास्तरीणबाईंनं समजावून सांगतलं. कव्हराबिना चालत नाई. म्हनून तं लावलं."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी बोटांवरचा खडू पुसत बसले. एक वाक्य बोलायला हवं होतं, अर्थ मी अर्धा सांगितला म्हणून. ते माझ्या तोंडून निघालं नाही. शाळेत चुकलेल्या मुलींना उभं करून कबूल करायला लावणारी मी, बाकावरून उठलेसुद्धा नाही. वामनराव तेवढे उभे होते, दोन्ही हात गल्ल्यावर ठेवून.

पंधरा दिवसांनी मुंबईचं पत्र आलं. नष्ट झाल्याचं कळवलेली पुस्तकं दुकानातून फिरत असल्यामुळे यापुढे माल पाठवता येणार नाही, असं त्यात होतं. आठवं पुस्तक आलेलं होतं. नववं, शेवटचं, आता नागपुरात येणार नव्हतं. इंग्रजी कादंबऱ्या मागवणारं दुसरं दुकान होतं, पण त्यांना बगळा म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

मी वामनरावांकडे जाऊन सांगितलं की चूक माझी आहे. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुम्ही चुकीचं सांगतलं असन. पन दाखवाले तोच गेला ना? चांगलं चालत होतं, त्याले दाखवायची काय गरज होती?"

त्या दिवसापासून वामनराव पेंटरांशी बोलले नाहीत. दुकानात येऊ नका असंही म्हणाले नाहीत. पेंटर दर रविवारी येत, बाकाच्या टोकाला बसत, आणि वामनराव कुसुमताईंना सांगत, "सिस्टर, पेंटरले सांगा, बाकाले रंग लागून राह्यला." पेंटर हातभर अंतरावर बसून कुसुमताईंना उत्तर देत, "सिस्टर, सांगा का वाळलेला आहे." कुसुमताई दोघांचेही निरोप पोचवत नसत. "मी इथं पेशंट बघायला येत नाही," म्हणायच्या. तारेचं स्टँड रिकामं उभं होतं. त्यात वामनरावांनी दुसरं काही लावलं नाही, विणकामाचं पुस्तकही नाही.

कुसुमताईंनी आणि मी कंपनीला पत्रं लिहिली. मी तर सगळा अपराध माझ्या नावावर घेऊन तीन पानं लिहिली, चांगल्या इंग्रजीत. उत्तर आलं नाही.

पावसाळा सरत आला होता तेव्हा एका रविवारी पेंटर एक कागद घेऊन आले आणि त्यांनी तो कपड्यांच्या चिमट्याने रिकाम्या स्टँडला लावला. नवव्या पुस्तकाचं कव्हर होतं ते. वर आकडा होता, नऊ. खाली सक्करदऱ्याचा तलाव, काठावर मोकळी जमीन, आणि त्या जमिनीवर चार माणसं वर पाहत उभी. माणसं ज्वारीच्या दाण्याएवढी. तरी एक वामनराव होते, एक कुसुमताई, एकीच्या बोटांना पांढरं लागलेलं, आणि एकाच्या कानावर ब्रश.

"पेंटर, बगळा कुठे आहे?" मी विचारलं.

"आपन पाहून राह्यलो ना, थे बगळ्यातून पाहून राह्यलो. तो उतरून राह्यला."

"पण तो परत येतो हे तुम्हाला कसं कळलं? पुस्तक कुठे वाचलंय आपण?"

"न येऊन जाईल कुठं?" ते म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.

वामनराव चष्मा लावून पुढे आले. त्यांनी ते कव्हर पाहिलं, स्वतःला पाहिलं, आणि म्हणाले, "सिस्टर, त्याले सांगा, पुस्तक नसताना कव्हर लावत नसतेत." पण काढलं नाही. दर दिवाळीच्या सफाईत दुकानातलं सगळं नोकर पुसायचा. ते कव्हर मात्र वामनराव स्वतः कोरड्या फडक्याने पुसत. हे मला कुसुमताईंनी सांगितलं.

अशी सहा वर्षं गेली. नागपुरात टीव्ही आला, दुकानांच्या काचेसमोर लोक गर्दी करून उभे राहायला लागले, पण त्या टीव्हीवर बगळा कधी उडाला नाही. मी मात्र जिथे जाईन तिथे जुनी पुस्तकं उपसायचे. शिक्षकांच्या एका शिबिरासाठी हैदराबादला गेले होते, तेव्हा फूटपाथवर स्वयंपाकाच्या दोन पुस्तकांच्या मधून चकचकीत नटीने माझ्याकडे पाहिलं. नववं. मी घासाघीस न करता घेतलं. परतीचा पूर्ण प्रवास ते मांडीवर ठेवून बसले आणि उघडलं नाही. मला कुणी संयमी म्हणत नाही, पण तेवढं मी केलं. पेंटरांच्या आधी ते वाचायचा मला हक्क नव्हता.

रविवारी दुकानात गेले. पेंटरांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, कानावरचा ब्रश तोच. मी पुस्तक बाकावर ठेवलं. कुसुमताई तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. वामनराव गल्ल्यावरून उठले नाहीत, पण त्यांनी हातातलं गाइड मिटलं.

पेंटरांनी पुस्तकाला हात लावला नाही. स्टँडवरचं कव्हर चिमट्यातून सोडवलं, मांडीवर घेतलं, आणि मला म्हणाले, "मास्तरीणबाई, शेवटचं पान वाचा."

"पेंटर, शेवटचं? तुम्ही? क्रम मोडून?"

"कव्हर लावाचं आहे. खोटं असलं तं लावता येनार नाई. पाहा, येते का तो."

मी शेवटची दोन पानं मनातल्या मनात वाचली. बगळा येतो. खाली उतरतो. पण त्याच्या भटकंतीत पृथ्वीवर इतका काळ लोटलेला असतो की जमिनीवर त्याला ओळखणारं कुणी उरलेलं नसतं. मैदान रिकामं. म्हातारी कप्तान लंगडत बाहेर येते, आणि एवढ्यावर पुस्तक संपतं.

मी मान वर केली. चौघांपैकी तिघे माझ्याकडे पाहत होते. 'हो, येतो, सगळे उभे असतात,' असं म्हणून टाकणं किती सोपं होतं. पेंटर दिवसाला एक पान या चालीने शेवटाला पोचेपर्यंत सात-आठ महिने तर सहज गेले असते. पण याच बाकावर बसून मी त्यांना एकदा अर्धाच अर्थ सांगितला होता.

"तो येतो, पेंटर," मी म्हणाले. "पण मैदानात कुणी नसतं. त्याची वाट पाहणारं कुणीच उरलेलं नसतं."

पेंटरांनी मांडीवरचं कव्हर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता खिशातून टर्पेंटाइनचं फडकं काढतात आणि आम्हा चौघांना पुसून टाकतात. ते तसे होते. खोटा पंख त्यांनी कधी ठेवला नव्हता.

"कोनीच नाई?"

"कुणीच नाही."

"मंग हे लिहिनाऱ्यानं नागपूर पाह्यलं नाई," ते म्हणाले. "पुस्तक चुकलं आहे. कव्हर बरोबर आहे. लावा."

आणि ते त्या नटीच्या कव्हराला बोट घालायला लागले. इतक्या पुस्तकांना कव्हरं लावलेल्या त्या हाताला कव्हर फाडता येईना. कागद कोपऱ्याशी चुरगळला.

"पेंटर, सरका तिकडं," वामनराव म्हणाले. "असं नाई फाडत. पट्टी लागते."

कुसुमताईंनी माझा हात धरला. सहा वर्षांत वामनराव पेंटरांशी थेट बोलले ते हे पहिलंच वाक्य. पेंटर मुकाट्याने सरकले. वामनरावांनी गल्ल्याखालून ती जुनी लाकडी पट्टी काढली, कण्याला लावली, आणि एका ओढीत नटी वेगळी केली. एक सरळ रेघ, दुसऱ्या पानाला धक्का नाही. मी शाळेतून आणलेल्या डिंकाच्या बाटलीने आम्ही दुसरं कव्हर चिकटवलं आणि वर भूगोलाची चार गाइडं ठेवली.

वामनराव हातातला तो चकचकीत कागद पाहत म्हणाले, "याचं काय करू?"

"मुंबईले पाठवा," पेंटर म्हणाले. "नियम आहे ना? कळवा का नववं नष्ट झालं."

वामनराव हसायला लागले. इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला, आणि मग तो बराच वेळ डोळ्यांवर परत चढला नाही. कागद त्यांनी खरंच पाकिटात घातला. पत्ता मी लिहिला, कुसुमताईंनी तिकीट चिकटवलं, आणि चौघं मिळून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आलो.

पेंटरांनी ते पुस्तक आठ महिन्यांत वाचून पुरं केलं आणि मला देऊन टाकलं. शेवटच्या पानाखाली त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, 'आम्ही होतो.' ते माझ्या कपाटात आहे. कव्हराचा रंग आता थोडा उडालाय. तलाव फिका पडलाय. आम्ही चौघं ज्वारीच्या दाण्याएवढे अजून तिथे उभे आहोत.